उसात बिबट्या, दारात भीती : मळ्यात राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत बिबट्या कुणीच पाहिला नाही अशी वस्ती आता विरळाच. हेच चित्र संगमनेर, अकोले, निफाड, सिन्नर या पट्ट्यात आहे. वस्तीवरच्या बैठकीत, दूध डेअरीवर, शाळेच्या पालकसभेत लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. घराला लागून ऊस असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत.

बिबट्याची एवढी भीती वाटणं हा मनाचा कमकुवतपणा आहे का?

मुळीच नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात महिनाभराच्या आत तीन जीव गेले. त्यांतली दोन लहान मुलं होती. लोकांनी रस्ते अडवले, वनखात्याची गाडी पेटवली, इतका संताप होता. ज्या आईला संध्याकाळी चुलीसाठी सरपण आणायला अंगणात जायचं असतं आणि मागे लेकरू लागलेलं असतं, तिला भीती वाटणारच. शहरात बसून "तुम्हीच त्याच्या घरात शिरलात" असं सांगणाऱ्यांनी एक रात्र उसाच्या कडेच्या पत्र्याच्या घरात काढावी. या तालुक्यांच्या पूर्वेकडची ही शिवारं पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांचीच आहेत, तिथे कुणी जंगल तोडून घरं बांधलेली नाहीत.

भीती असू द्या. पण ती कशाची, कुठल्या वेळेची आणि कुणासाठी, हे नेमकं कळायला हवं. ते कळलं नाही तर माणूस दिवसा घाबरतो आणि रात्री उघड्यावर झोपतो.

आमच्या लहानपणी इकडे बिबट्या नव्हता. मग आता आला कुठून?

सह्याद्रीच्या कडेच्या डोंगराळ भागात तो आधीपासूनच होता. म्हणून तर जुन्नर आणि अकोले तालुक्यांच्या पश्चिमेला महादेव कोळी समाज आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतो, गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. फरक पडला तो पूर्वेच्या जिरायती पट्ट्यात. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कालव्याला पाणी आलं आणि बाजरी-मटकीच्या रानात ऊस उभा राहिला. साखर कारखाने आले.

ऊस हे पीक बिबट्याला फार मानवतं. आडसाली लागण सोळा ते अठरा महिने शेतात उभी असते, 'सुरू' हंगामातला ऊस बारा महिने, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला खोडवा अकरा-बारा. म्हणजे एका रानातला ऊस तुटला तरी शेजारच्या रानात उभा असतोच. आत गारवा, पाण्याची सरी, लपायला पाचट. बाहेर भटकी कुत्री, डुकरं, शेळ्या, पोल्ट्रीच्या मागे टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या. मादीला पिल्लं घालायला याहून निवांत जागा डोंगरातही मिळत नाही. आज जो बिबट्या तुमच्या बांधावर दिसतो, त्याचा जन्म बहुतेक उसातच झालेला असतो आणि त्याच्या आईचाही. त्याने जंगल पाहिलेलंच नाही. तो रस्ता चुकून आलेला पाहुणा आहे असं समजून "परत जंगलात हाकला" म्हणणं इथेच फसतं.

एकूण बिबटे आहेत तरी किती?

२०२२ च्या अंदाजात देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ असा आकडा आला. पण ही मोजणी मुख्यतः जंगलातली होती, उसातले बिबटे त्यात नीट धरलेले नाहीत. अकोले तालुक्यातल्या शेतीपट्ट्यात कॅमेरे लावून केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आढळले. त्याच भागात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहत होती.

तो माणसाला मारायलाच टपून बसलेला असतो का?

नाही. आपल्याला तो महिन्यातून एकदा दिसतो, त्याला आपण रोज दिसतो. पाणी धरताना, खुरपताना, दुचाकीवरून जाताना माणूस त्याच्यापासून दहा-वीस हातांवरून गेलेला असतो आणि तो दबून बसलेला असतो. अकोले तालुक्यातच बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं गेलं. त्यातलं सुमारे ८७ टक्के पाळीव किंवा गावातल्या जनावरांचं होतं आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या गावात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण रात्री त्या गोठ्यात असतात. म्हणून त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच. जे उघड्यावर आणि सहज मिळतं ते तो उचलतो. हे एक वाक्य नीट लक्षात ठेवलं तर पुढची बरीचशी उत्तरं आपोआप सुचतील.

मग माणसांवर हल्ले का होतात, आणि धोका कुणाला जास्त?

उभ्या, मोठ्या माणसाला बिबट्या सहसा टाळतो. वाकलेला, बसलेला, झोपलेला माणूस किंवा लहान मूल अंधुक उजेडात त्याला आपल्या नेहमीच्या सावजाएवढं दिसतं. म्हणून घटना पाहिल्या तर त्याच त्या गोष्टी समोर येतात : अंगणात खेळणारं मूल, पहाटे शौचाला बसलेला माणूस, उसाच्या कडेला गवत कापणारी बाई, गोठ्याबाहेर बाजेवर झोपलेली म्हातारी. पिल्लं जवळ असलेली मादी, जखमी किंवा कोंडीत सापडलेला बिबट्या, हे वेगळे. ते वेळ-काळ बघत नाहीत.

सगळ्यांत उघड्यावर असतात ती बाहेरून आलेली कुटुंबं. ऊसतोडीच्या टोळ्या फडाशेजारीच (तोडायच्या उसाशेजारीच) कोप्या, म्हणजे झोपड्या घालतात. कोपीला दार नसतं, मुलं बाहेर, आईबाप पहाटे चारला फडात. मेंढपाळांचा वाडा तर उघड्या रानातच बसतो. आपल्या वस्तीची बैठक घेताना या लोकांना बोलावलं जात नाही, ही मला सगळ्यांत खटकणारी गोष्ट आहे. टोळी तुमच्या रानात उतरली की मुकादमाला सांगा : कोप्या उसापासून दूर, शक्यतो गावाच्या किंवा रस्त्याच्या बाजूला घाला. एक लाईटची वायर ओढून द्या. रात्री मुलं मधे आणि मोठी माणसं कडेला झोपू देत.

लहान मुलांसाठी नेमकं काय करायचं?

याचं उत्तर मोठं आहे, कारण बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे.

दिवस मावळायच्या आधी मूल घरात. सूर्य बुडाल्यावर किंवा अंधार पडल्यावर नव्हे. दिवाळीनंतर दिवस लहान होतो, ऊसतोड सुरू होते, लपण तुटल्यामुळे बिबटे एका रानातून दुसऱ्या रानात हलतात. त्या दिवसांत पाचच्या ठोक्याला अंगण रिकामं हवं. संडास घराच्या आत नसेल तर रात्री मुलाला एकटं पाठवू नका, "दारातच तर आहे" म्हणूनही नाही. बरेच हल्ले दारातच झालेले आहेत.

मुलाला खेळायची जागा घराच्या त्या बाजूला ठेवा जिकडे ऊस नाही. आणि ऊस भिंतीला भिडवू नका. घराभोवती जमेल तितकी, निदान वीस-पंचवीस फुटांची पट्टी मोकळी ठेवा. तिथे मेथी, कांदा, कोथिंबीर, भुईमूग असं बुटकं पीक घ्या. काही सऱ्यांचं नुकसान होईल हे खरं आहे. गिन्नी गवत, घास घराला चिकटून लावणारे बरेच आहेत, तेही लपण देतं.

शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी ऊस असेल तर मुलं गटाने जावीत, पुढे आणि मागे एक मोठं माणूस असावं. वस्तीवरच्या घरांनी पाळी लावली तर रोज एकाच बाईवर भार येत नाही. संध्याकाळचे जादा तास, खेळाचा सराव, क्लास लवकर सोडा, असं शाळेला लेखी सांगा. पालकांनी एकत्र मागितलं तर बहुतेक शाळा वेळ बदलतात. पण मुलींची शाळाच बंद करणं हा उपाय नव्हे. बिबट्याच्या नावाखाली आठवी-नववीतल्या पोरींना घरी बसवलं जातं, तेव्हा शाळेच्या गाडीसाठी ग्रामपंचायतीला धरा.

मुलांना काय सांगायचं? "झोप, नाहीतर वाघ येईल" हे बंद करा. ज्या गावात खरोखरच वाघरू येतं तिथे ही धमकी मुलाच्या मनात घर करते, आणि मूल धमकी ऐकतं पण नियम शिकत नाही. साधं सांगा : दिसला तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, मोठ्याने हाक मारायची, घराच्या दिशेने मागे मागे यायचं. एकदा अंगणात करून दाखवा. चार वर्षांचं पोरही दोन वेळा करून घेतलं की लक्षात ठेवतं.

लाईट रात्रीचीच असते. पाणी द्यायला जावंच लागतं. काय करू?

या प्रश्नाला खरं उत्तर एकच : शेतीला दिवसा थ्री फेज लाईट मिळाली पाहिजे. बिबट्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला रात्री बाराला मोटर चालू करायला उसात पाठवायचं आणि वर "रात्री बाहेर पडू नका" असा फलक लावायचा, हे चालणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच दिवसा वीज देण्याचा आहे. तुमचं फीडर (तुमच्या भागाला वीज देणारी लाईन) त्यावर आलंय का हे वीज कार्यालयात विचारा, नसेल तर ग्रामसभेचा ठराव करा आणि त्यात बिबट्याच्या घटनांचे पंचनामे जोडा. एकेकट्याच्या अर्जापेक्षा पंचनाम्यासह आलेल्या ठरावाला वजन असतं.

तोवर जावं लागलंच तर दोघांनी जा. एकाने दारं धरायचं (सरीत पाणी वळवायचं), दुसऱ्याने उभं राहून बॅटरी फिरवायची. आलटून पालटून. मोबाईलवर गाणी, भजन, काहीही मोठ्याने लावा. बिबट्याला आपली चाहूल आधी लागली तर तो बाजूला होतो, अचानक गाठ पडणं हेच वाईट. हेडफोन कानात घालून मात्र जाऊ नका. हातात उंच काठी असावी, तिला घुंगरू बांधतात तेही चांगलं. मोटरला ऑटो स्टार्टर बसवला, किंवा मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर घेतला, तर निम्म्या फेऱ्या वाचतात. ठिबक केलं तर दारं मोडायला सरीत वाकायचं कारणच राहत नाही. ठिबकचा विचार आजवर पाण्यासाठी केला जायचा, आपल्याकडे तो जिवासाठी करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

गोठा कसा असावा? आमच्या गोठ्याला भिंत आहे, तरी शेळी नेली.

भिंत आहे, पण वर काय आहे? बिबट्या पाच-सहा फुटांच्या भिंतीवर सहज चढतो. तो कुठून आला हे पाहायचं असेल तर सकाळी गोठ्याभोवती फिरा. भिंतीच्या वरच्या कडेला मातीचे ओरखडे दिसतील, पत्रा आणि भिंत यांच्यात वीतभर फट असेल तिथे केस अडकलेले असतील. दाराला जाळी असते पण खाली कुत्रं शिरेल एवढी मोकळी जागा असते, आणि दाराला कडीऐवजी सुतळी. हे असंच्या असं मी कितीतरी गोठ्यांत पाहिलं आहे.

म्हणून चारही बाजू आणि छत, असं सगळं बंद हवं. विटांची चार फूट भिंत, वर छतापर्यंत चेन-लिंकची जाळी, जाळीला बाहेरून नव्हे तर आतून अँगल. छताचे पत्रे हुकने पक्के. दाराला लोखंडी कडी आणि खाली उंबरठा. फक्त भिंत असलेला, छत नसलेला शेळ्यांचा वाडा सर्वांत वाईट, कारण आत उतरलेल्या बिबट्याला बाहेर पडता येत नाही, शेळ्या सैरावैरा पळतात आणि एका रात्रीत दहा-पंधरा मरतात. तो एकच खातो किंवा एकही खात नाही. लोक म्हणतात पिसाळला होता. पिसाळलेला नसतो, समोर धावणाऱ्या जनावरावर झडप घालणं थांबत नाही इतकंच.

मोठ्या गाई-म्हशींना सहसा तो हात लावत नाही, वासरं मात्र आत बांधा. बल्ब लावा, पण बल्बवर भिस्त ठेवू नका. उजेडाची सवय त्याला चार रात्रींत होते, उजेड आपल्याला दिसावं म्हणून.

दारात कुत्रा असला की बरं, नाही का?

मोकळा कुत्रा भुंकून सांगतो, हे खरं. पण अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे दारात ठेवलेलं आमंत्रण. त्याच्यासाठी बिबट्या ओट्यापर्यंत येतो आणि ओट्यावर मूल असतं. कुत्रा रात्री जाळीच्या खोलीत किंवा गोठ्यात आत ठेवा. गावातल्या भटक्या कुत्र्यांची संख्या, हॉटेलाबाहेरचं खरकटं, पोल्ट्रीची मेलेली पाखरं यांचा बंदोबस्त ग्रामपंचायतीचा. मेलेली कोंबडी खड्ड्यात चुना टाकून पुरली पाहिजे. ओढ्यात टाकणाऱ्या पोल्ट्रीवाल्याला शेजारधर्म म्हणून सोडू नका.

अचानक समोर आला तर?

थांबा. पळू नका, पाठ फिरवू नका, खाली वाकून दगड उचलू नका. हात वर करा, टॉवेल असेल तर डोक्यावर धरा, आहात त्यापेक्षा मोठे दिसा. मोठ्याने बोला. लहान मूल बरोबर असेल तर उचलून घ्या, पण वाकताना नजर त्याच्यावरच ठेवा. हळूहळू मागे सरका आणि त्याला जायला वाट द्या. दुचाकीवर असाल तर थांबून हॉर्न आणि हेडलाईट, तो रस्ता ओलांडेपर्यंत. त्याचा फोटो काढायचा मोह आवरा.

अंगावर आलाच तर मान आणि गळा हाताने, कपड्याने झाका आणि जे हातात असेल त्याने जोरात प्रतिकार करा, ओरडा. पडून मेल्याचं सोंग घेऊ नका.

दिसला, पण काही केलं नाही. तरी फोन करायचा का?

हो. वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६. तुमच्या बीटच्या (तुमच्या भागाच्या) वनरक्षकाचा नंबर घराच्या दाराआत लिहून ठेवा. कुठे, किती वाजता, पिल्लं होती का, लंगडत होता का, एवढं सांगा. नुसता दिसला म्हणून पिंजरा लागणार नाही, पण कोणत्या वस्तीवर वारंवार दिसतोय याची नोंद तयार होते आणि पुढे काही घडलं तर तीच कामाला येते.

विहिरीत पडला किंवा घरात शिरला तर?

घरात शिरला असेल तर माणसं बाहेर काढा आणि दार बाहेरून ओढून घ्या. बस्स. बाकी सगळं काम रेस्क्यू टीमचं. खिडकीतून बघायला गर्दी जमली की तो घाबरून काच फोडतो आणि जो समोर येईल त्याला लोळवतो. अशा वेळी जखमी होणारे बहुतेक लोक बघे असतात. पोलीस पाटलाने पहिलं काम हेच करावं : दोनशे-तीनशे माणसं लांब हटवणं.

विहिरीत पडलेला बिबट्या पोहतो, पण थकतो. दोराला बाज किंवा फळी बांधून पाण्यावर सोडली तर तो तिच्यावर बसून राहतो आणि टीम येईपर्यंत तग धरतो. शिडी सोडायची की पिंजरा, ते टीम ठरवेल. मुळात विनाकठड्याच्या विहिरींना कठडा बांधला तर त्यात माणसं, वासरं आणि बिबटे तिघंही पडणार नाहीत.

ऊसतोडीत पिल्लं सापडली. काय करायचं?

ही वेळ दर हंगामात येते. कोयता चालवता चालवता पाचटाखाली काहीतरी हलतं, बारीक आवाज येतो. मांजराच्या पिल्लाएवढी दोन-तीन पिल्लं, अंगावर धुरकट ठिपके. पहिल्या दहा दिवसांची असतील तर डोळेही मिटलेले. लगेच लोक गोळा होतात, पोरं मांडीवर घेऊन फोटो काढतात. हे करू नका. फड तिथेच थांबवा, सगळ्यांना मागे घ्या आणि वनखात्याला कळवा. आई जवळपासच असते. ती बघत असते असंच धरून चाला.

जुन्नर वनविभागात पिल्लांना आईकडे परत देण्याची पद्धत चांगली रुळली आहे. पशुवैद्य पिल्लं तपासतात, मग जिथे सापडली नेमक्या त्याच जागी संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवतात आणि आजूबाजूला कॅमेरे लावतात. रात्री मादी येते. क्रेटभोवती फिरते, हुंगते, पंजाने क्रेट कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. कधी पहिल्या रात्री येते, कधी दुसऱ्या. त्या रात्री त्या रानाकडे कुणीही फिरकू नये, एवढं एक सहकार्य वस्तीने करायचं. पिल्लं नेली की मादी शांत होते. पिल्लं हलवलेल्या मादीचा आपल्या वस्तीवरचा राग आपल्यालाच भोवतो. कारखान्याची तोड एका दिवसाने लांबली तर चालेल.

सगळे पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत?

हा प्रयोग इथेच झाला आहे, आणि तो अंगाशी आला. २००१ च्या सुमारास जुन्नर परिसरातून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ती आकडेवारी तपासून २०११ मध्ये मांडली : १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, पकड-सोड जोरात सुरू झाल्यावर ते वर्षाला सतरावर गेले. जिथे सोडले, तिथल्या आसपासही हल्ले सुरू झाले.

कारण सरळ आहे. पकडताना, पिंजऱ्यात, ट्रकमध्ये जनावर भेदरतं, दात-नखं मोडतात. सोडलेल्या ठिकाणी त्याला पाणी-भक्ष्य ठाऊक नसतं, आधीचा बिबट्या राहू देत नाही, मग तो घराकडे चालू लागतो. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या माग दाखवणारी कॉलर लावून माळशेज घाटाजवळ सोडला होता. तो सुमारे १२० किलोमीटर चालत, महामार्ग आणि खाडी ओलांडत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याने वाटेत माणसाला काही केलं नाही, पण एखादा बिबट्या किती लांब जातो हे त्याने दाखवलं. आणि इकडे रिकाम्या झालेल्या उसात काही महिन्यांत दुसरा तरुण बिबट्या येतो, ज्याला आपल्या वस्तीची रीतभात माहीत नसते.

म्हणून माणसावर हल्ला केलेला बिबट्या पकडलाच पाहिजे आणि त्याला पुन्हा सोडता कामा नये, यात दुमत नाही. जुन्नर तालुक्यातल्या माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र त्यासाठीच आहे. पण दिसेल त्याला पिंजरा लावला तर चुकीचा बिबट्या अडकतो, बरोबरचा मोकळा राहतो आणि वस्ती निर्धास्त होते. ही निर्धास्ती फार महागात पडते.

आम्हीच बंदोबस्त केला तर? तारेला करंट, फासे, विष?

नको. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. आणि कायदा बाजूला ठेवा. करंट सोडलेल्या तारेला चिकटून शेजारचा माणूस जातो, स्वतःचा बैल जातो. फाशातून अर्धवट सुटलेला, पाय तुटलेला बिबट्या शिकार करू शकत नाही आणि मग माणसाकडे वळण्याची भीती कितीतरी वाढते. नरभक्षक ठरलेल्याला ठार मारण्याचा अधिकार कायद्यात आहे, तो मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशाने वापरला जातो. पिंपरखेडच्या वेळी तो वापरला गेला.

बिबट्यांच्या नसबंदीचं काय झालं?

२०२५ मध्ये राज्य सरकारने तो विषय पुढे आणला. झाली तरी तिचा परिणाम दिसायला वर्षं लागतील. आज रात्रीच्या गोठ्याला कडी लागतेच.

ठसा बिबट्याचाच आहे हे कसं ओळखायचं?

नखं बघा. कुत्रा आणि तरस यांच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात, बिबट्या नखं आत ओढून चालतो. ठसा गोलसर असतो, मागच्या गादीला तीन उंचवटे. रात्री ऐकलेला आवाज करवतीने लाकूड कापावं तसा खरखरीत, लयीत येत असेल तर तो बिबट्याच. तरस पुष्कळदा बिबट्या म्हणून बदनाम होतं. मागून उतरतं अंग, मानेवर केस, अंगावर पट्टे. ते बहुतेक मेलेलं खातं.

ग्रुपवर रोज नवा व्हिडिओ येतो. खरं काय मानायचं?

तारीख, गाव आणि काढणाऱ्याचं नाव नसेल तर पुढे पाठवू नका. जुने, परराज्यातले व्हिडिओ आपल्या गावच्या नावाने फिरतात, हल्ली एआयने बनवलेले फोटोही. वस्तीचा एक वेगळा ग्रुप करा, त्यात वनरक्षकाला घ्या आणि तिथे फक्त आजच्या, आपल्या शिवारातल्या नोंदी टाकायच्या असं ठरवा. सतत खोटी हाकाटी झाली की खऱ्या हाकेला कुणी उठत नाही.

शेजारी घटना झाली तेव्हापासून झोप लागत नाही, मूल रात्री दचकून उठतं. हे जाईल का?

बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. मदत करणारी गोष्ट म्हणजे हाताला काम : फट बुजवणं, कडी बसवणं, मोकळी पट्टी साफ करणं. मुलालाही त्यात घ्या, जाळी बांधताना त्याला पक्कड धरू द्या. त्याच्यासमोर घटनेचं रसभरीत वर्णन पुन्हा पुन्हा करू नका, पाहुणे आले की तर नकोच. दिवसा मात्र त्याला बाहेर खेळू द्या. महिना उलटूनही मूल शाळेत जायला, लघवीला उठायला घाबरत असेल, किंवा मोठ्या माणसाला छातीत धडधड, घाम, कामावर लक्ष नाही असं होत असेल, तर ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना सांगा. अपघातानंतर जसं होतं तसंच हे आहे, त्यावर इलाज आहे. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी वस्तीने आळीपाळीने संध्याकाळचं बसायला जावं. ते लोक अंधार पडल्यावर एकटे राहू शकत नाहीत.

नुकसानभरपाई कशी मिळते?

माणूस दगावल्यास वारसांना २५ लाख रुपये, त्यांतला काही भाग लगेच आणि उरलेला मुदत ठेवीत. कायमचं अपंगत्व, गंभीर जखम यांसाठी वेगळ्या रकमा आहेत. जनावरासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के, ठरावीक मर्यादेत. रखडतं ते कागदांमुळे. मेलेलं जनावर पंचनामा होईपर्यंत जागचं हलवू नका, ४८ तासांच्या आत कळवा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला घ्या, बँक पासबुक आणि आधारची प्रत द्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

कुणी जखमी झालं तर दवाखान्यात नेईपर्यंत काय?

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, मानेची जखम असेल तर दाब सोडूच नका, आणि १०८ ला फोन करा. रक्त थांबलं असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. ओरखडा लहान दिसला तरी रेबीजची लस, गरजेप्रमाणे सीरम आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच. डॉक्टरांना "बिबट्याने ओरबाडलं" असं स्पष्ट सांगून केसपेपरवर तसंच लिहून घ्या, कारण भरपाईच्या अर्जाला तोच कागद जोडावा लागतो.